अप्लाइड आर्टचा पहिला मोठा प्रोजेक्ट: रफ, व्हर्जन आणि फीडबॅक हे सगळं नीट कसं करायचं

अप्लाइड आर्टला किंवा कुठल्याही ग्राफिक डिझाइनच्या कोर्सला नव्याने आलेल्यांसाठी हे लिहितेय. फाउंडेशनचं वर्ष कसंबसं निघून जातं, मग पहिला खरा प्रोजेक्ट हातात पडतो आणि ब्रीफच्या (म्हणजे काय करायचंय ते सांगणाऱ्या कागदाच्या) शेवटी एक ओळ असते, "फायनलसोबत प्रोसेसही सबमिट करावी". आता ही प्रोसेस म्हणजे नक्की काय, किती, कुठल्या कागदावर, हे कोणी धड सांगत नाही. मग बरेच जण फायनल आधी करून टाकतात आणि ज्यूरीच्या (म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या दिवसाच्या) आदल्या रात्री बसून मागाहून थंबनेल्स, म्हणजे छोटी रफ, काढतात. प्लीज असं करू नका. खरी प्रोसेस केलीत तर फायनल वेगळंच येतं, आणि जे येतं ते बसल्या जागी विचार करून तुम्हाला कधीच सुचलं नसतं, हे मी स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये बघितलंय.

आपल्यातले बहुतेक चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा देऊन आलेले असतात. तिथे ठरलेल्या वेळेत एका कागदावर चित्र पूर्ण करून, रंगवून द्यायचं असतं. त्याने हात तयार होतो, त्याबद्दल वादच नाही, पण सवय अशी लागते की पहिला कागद हाच शेवटचा कागद. इथे ती सवय सोडायला वेळ लागतो, तो वेळ स्वतःला द्या.

सगळं हवेत बोलण्यापेक्षा मी एकच प्रोजेक्ट उदाहरण म्हणून घेते. औषधाच्या दुकानात सुट्या गोळ्या ज्या छोट्या कागदी पाकिटात घालून देतात ना, त्या पाकिटाचं डिझाइन. दुकानदार त्यावर पेनने १-०-१ असं लिहितो, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. वयस्कर माणसांना हे पाकीट बघून स्वतःहून गोळी बरोबर घेता यावी, एवढंच करायचं होतं. दिसायला तळहाताएवढं काम, पण त्यात सगळं आलं.

काय काय लागेल

महागडं काहीच नाही, खरंच.

- साधा ए-४ बॉण्ड पेपरचा गठ्ठा. स्केचबुक असेल तर उत्तम, पण सुटे कागद जास्त बरे पडतात कारण ते भिंतीवर लावता येतात, शेजारी-शेजारी ठेवता येतात
- बटर पेपर (आधीच्या रफवर ठेवून पुढचं व्हर्जन काढायला याच्यासारखं दुसरं काही नाही)
- २बी पेन्सिल, एक जाड काळा मार्कर, एक बारीक काळं पेन. सुरुवातीला रंग आणूच नका
- स्टीलची पट्टी, कटर, मास्किंग टेप
- मोबाइलचा कॅमेरा
- कॉलेजजवळचं झेरॉक्स-प्रिंटचं दुकान, आणि तिथल्या काकांशी चांगली ओळख
- सॉफ्टवेअर: इलस्ट्रेटर असेल तर तो, नसेल तर इंकस्केप फुकट आहे आणि फिग्मा विद्यार्थ्यांना फुकट मिळतं. कामाला कुठलंही चालेल

कागदपत्रं पण लागतात, हे कोणी आधी सांगत नाही. दवाखाना, मेडिकल, शाळा, सरकारी ऑफिस अशा ठिकाणी जाऊन काम करणार असाल तर विभागप्रमुखांच्या सहीचं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र घ्या, सोबत कॉलेजचं ओळखपत्र आणि ब्रीफची एक प्रत ठेवा. ज्यांच्याशी बोलणार त्यांच्यासाठी मराठीत लिहिलेला एक साधा संमतीचा कागद करा, त्यात चार ओळी पुरतात: मी कोण, काय विचारणार, फोटो काढणार की नाही, तुमचं नाव कुठेही येणार नाही. पत्राला सही मिळायला वेळ लागतो, म्हणून ब्रीफ मिळालं त्याच दिवशी अर्ज टाका.

१. ब्रीफ एका वाक्यात आणा

ब्रीफमध्ये खूप शब्द असतात. त्यातून एक वाक्य काढा, आणि ते वाक्य असं हवं की शेवटी "झालं का?" असं विचारलं तर हो किंवा नाही उत्तर देता येईल. "औषधाचं पाकीट आकर्षक आणि माहितीपूर्ण करणे" हे वाक्य काही कामाचं नाही, कारण ते झालं की नाही कोण ठरवणार? त्याऐवजी, "सत्तरीच्या आजींनी कोणालाही न विचारता रात्रीची गोळी बरोबर काढली पाहिजे." हे तपासता येतं. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून टेबलासमोर चिकटवा, पुढे भांडणं झाली (आणि होतील, ग्रुप प्रोजेक्ट असेल तर नक्की होतील) की याच वाक्याकडे बघायचं.

२. काढायच्या आधी जाऊन बघा

पिंटरेस्ट उघडायच्या आधी जागेवर जा. पिंटरेस्टवर दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाची उत्तरं असतात, तुमचा प्रश्न रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये आहे.

संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मेडिकलच्या बाजूला नुसतं उभं राहिलं तरी किती तरी गोष्टी कळतात. दुकानदाराच्या एका हातात पाकीट असतं, दुसऱ्या हातात कात्री, पेन कानावर, समोर चार माणसं. तो लिहितो काउंटरवर पाकीट टेकवून, बॉलपेनने, दोन सेकंदांत. तोंडाने सांगतो पण "ही पांढरी सकाळ-रात्र, ही पिवळी जेवणाआधी", आणि घेणारा मान हलवतो. घरी गेल्यावर तोंडी सांगितलेलं अर्धं विसरलेलं असतं आणि हातात उरतं ते पाकिटावरचं १-०-१. म्हणजे डिझाइन दोघांसाठी करायचंय, वाचणाऱ्यासाठी आणि लिहिणाऱ्यासाठी. ब्रीफमध्ये लिहिणाऱ्याचा उल्लेखही नव्हता.

इथे एक खबरदारी. कोणाच्याही चिठ्ठीचा किंवा रिपोर्टचा फोटो काढू नका, त्यावर नाव असतं, आजार असतो. बघा, वहीत लिहून घ्या, पुरे. फोटो काढायचाच असेल तर रिकाम्या पाकिटाचा काढा.

३. थंबनेल्स: छोटी, वेडीवाकडी आणि भरपूर

थंबनेल म्हणजे काड्यापेटीएवढं रफ. एवढं छोटं का, तर त्यात डिटेल मावतच नाही, त्यामुळे मांडणीचाच विचार करावा लागतो. जाड मार्कर घ्या, खोडरबर लांब ठेवा, आणि एका कागदावर आठ-दहा चौकोन आखून भरत सुटा.

पहिली काही सगळ्यांची सारखीच येतात: सूर्य, चंद्र, गोळीचं चित्र. क्लासमध्ये सगळ्यांची शीट शेजारी लावून बघा, ओळखता येणार नाही कोणाचं कुठलं. ती काढून टाका म्हणजे हातातून निघून जाऊ द्या, मग पुढची वेगळी यायला लागतात. अडकलात तर स्वतःला एखादी अट घाला: फक्त अक्षरं वापरून, फक्त चित्रं वापरून, एकही रेघ न वापरता, पाकीट आडवं धरून, पाकिटाच्या घडीचा उपयोग करून. घडीच्या अटीतून मला कळलं की वरची पट्टी दुमडल्यावर पाकिटाचा वरचा भाग झाकला जातो, म्हणजे तिथे काही महत्त्वाचं लिहायचंच नाही. हे कागद प्रत्यक्ष दुमडल्याशिवाय लक्षात येत नाही.

थंबनेल्स फेअर करून चिकटवू नका. ज्यूरीला मूळ कागदच दाखवायचे, चहाच्या डागासकट.

४. लवकर प्रिंट काढा, खऱ्या मापात

स्क्रीनवर झूम करून बघत काम केलं की सगळंच मोठं आणि सुंदर दिसतं. तीन-चार मांडण्या जमल्या की लगेच शंभर टक्के मापात काळी-पांढरी प्रिंट काढा, कापा, दुमडा, चिकटवून खरं पाकीट करा. मग ते हातात धरून बघा, हात लांब करून बघा, रात्री झिरोच्या बल्बखाली बघा, कारण रात्रीची गोळी तिथेच काढली जाते.

प्रिंट काढताना दुकानात "फिट टू पेज" चालू असतं, त्याने माप बदलतं. "अॅक्च्युअल साइज" सांगा आणि कागदावर बाजूला १० सेंटिमीटरची एक रेघ ठेवून द्या. प्रिंट आल्यावर पट्टीने मोजायची. रेघ बरोबर तर सगळं बरोबर.

रंगाचं पण इथेच बघून घ्या. मी सकाळ पिवळी, दुपार केशरी, रात्र फिकी निळी असं केलं होतं आणि स्क्रीनवर ते छानच दिसायचं. पण मोतीबिंदू असला की डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळ्या छटा नीट कळत नाहीत, फिका निळा तर राखाडीच वाटतो. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोक आपल्या आजूबाजूला असतात, फक्त ते सांगत नाहीत. त्यामुळे रंग गेला तरी अर्थ राहिला पाहिजे. प्रत्येक व्हर्जनची काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघायची, त्यात कळलं तरच पुढे.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला

नवीन असताना आपण काय करतो, फीडबॅक आला की पूर्ण डिझाइनच बदलतो. फॉण्टही, रंगही, मांडणीही. मग पुढचं व्हर्जन बरं वाटलं तर ते कशामुळे ते कळत नाही आणि वाईट वाटलं तरी कशामुळे ते कळत नाही. सगळे कष्ट वाया.

त्याऐवजी मांडणी तीच ठेवा आणि फक्त चिन्हं बदललेली तीन व्हर्जन करा. त्यातलं एक ठरलं की चिन्हं तीच ठेवून फक्त शब्द बदला. मग फक्त अक्षराचा आकार. कंटाळवाणं वाटतं मान्य आहे, पण दोन प्रिंट शेजारी ठेवून "फरक एवढाच, आणि या फरकामुळे हे घडलं" असं जेव्हा सांगता येतं ना, तेव्हा ज्यूरीसमोर आवाज थरथरत नाही.

फाइलला नावं देताना "फायनल", "फायनल-२", "खरंच फायनल" असं अजिबात नको. तारीख आणि काय बदललं ते लिहा: "पाकीट-०७-चंद्र-वगळला". जुनी फाइल कधी डिलीट करू नका, वरून सेव्हही करू नका. आठवं व्हर्जन फसलं तर पाचव्याकडे परत जाता आलं पाहिजे.

६. फीडबॅक: कोणाला आणि काय विचारायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, "कसं वाटलं?" हे कधीही विचारू नका. समोरचा माणूस तुमचा मित्र असेल तर "भारी" म्हणणार, काकू असतील तर "छान केलंस हो बाळा" म्हणणार, आणि वर्गातला एखादा असेल तर "फॉण्ट चेंज कर" म्हणणार. तिन्हीतून काहीच मिळत नाही. आवडलं का ते विचारू नका, काहीतरी करायला सांगा. मी हे असं करायचे: पाकिटात गोळ्यांऐवजी शर्टाची बटणं घालायची (खरी औषधं टेस्टसाठी कधीच वापरायची नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा) आणि म्हणायचं, "आजी, हे पाकीट तुम्हाला दुकानातून मिळालंय असं समजा. आता रात्रीचं जेवण झालंय. काय कराल?" आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे. समोरची व्यक्ती अडकली की तोंडातून "अहो ते चंद्राचं चित्र बघा ना" असं आपोआप येतं, आणि ते आलं की टेस्ट संपली, कारण घरी तुम्ही सांगायला नसणार.

आमच्या शेजारच्या आजींना मी हे दिलं. पाकिटावर सकाळ, दुपार, रात्र अशी तीन घरं (चौकोन) होती. रात्रीच्या घरात मी अर्धचंद्र काढला होता, पांढऱ्यावर काळा, आणि खाली टिक. आजींनी पाकीट लांब धरलं, मग जवळ घेतलं, चष्म्यावरून बघितलं. एक बटण बाहेर काढलं, ते दोन बोटांत धरून दाबून बघितलं आणि विचारलं, "रात्री अर्धीच ना गं? पण ही मोडायची कशी?"

अर्धचंद्र त्यांना अर्धी गोळी वाटला. आणि का वाटू नये? डॉक्टर अर्धी गोळी देतातच, बीपीची, झोपेची, आणि पाकिटावर गोल आकार दिसला की तो गोळीचाच असणार. वर्गात ती शीट सगळ्यांनी बघितली होती, सरांनीही बघितली होती, कोणाला हे दिसलं नव्हतं, कारण आम्ही सगळे चंद्र बघत होतो आणि त्या गोळी शोधत होत्या.

हे कळल्यावर मी जुनं १-०-१ पण दाखवून बघितलं, म्हणजे आत्ता जे चालतं तेच. तर एका काकांनी मधल्या शून्यावर बोट ठेवून विचारलं, ही गोल आहे ती दुपारची का. पाकिटात दोन प्रकारची बटणं होती, त्यातलं एक मोठं गोल. शून्य म्हणजे "नाही" हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी सोपं आहे, पण पहिल्यांदा बघणाऱ्याला तिथे काहीतरी आहे असंच दिसतं.

मग प्रश्न आला की "दुपारी नाही" हे दाखवायचं कसं. चौकोन रिकामा ठेवला तर लोक म्हणाले, दुकानदार लिहायचा विसरला असेल. रेघ मारली तर ती कोणी एकचा आकडा म्हणून वाचली, पाकीट आडवं धरलेलं होतं ना. फुली मारली तेव्हा मात्र मी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी "दुपारी नाही घ्यायची" हेच सांगितलं. शाळेत चुकलेल्या गणितावर फुली मिळालेली असते, ती कोणी विसरत नाही.

आता कोणाला काय विचारायचं ते थोडक्यात. प्रत्येकाला वेगळं विचारायचं असतं, सगळ्यांना सगळं विचारलं की गोंधळ होतो.

वापरणाऱ्याला: करून दाखवा. बस.

लिहिणाऱ्या दुकानदाराला: हे गर्दीत भरून दाखवा. आमच्या मेडिकलवाल्या दादांनी ग्लॉसी कागदाचं पाकीट हातात घेतलं, पेन फिरवलं, उठलंच नाही. "मॅडम, यावर लिहिणार कसं?" एवढंच म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. कागद तिथल्या तिथे बदलला. शब्द लिहायला वेळ नसतो, टिक आणि फुली चालते, हेही त्यांनीच सांगितलं.

फार्मासिस्टला: यात चुकीचं काय आहे, धोका कुठे आहे. मी लोकांच्या बोलण्यातला शब्द घ्यायचा म्हणून "उपाशीपोटी / जेवून" असं लिहिलं होतं आणि टेस्टमध्ये ते सगळ्यांना पटकन कळतही होतं. फार्मासिस्ट मॅडमनी ते थांबवलं. "उपाशीपोटी" म्हटलं की माणूस सकाळी उठल्याउठल्या घेतो, आणि काही गोळ्या रात्रीच्या जेवणाच्याही थोड्या आधी घ्यायच्या असतात. मग "जेवायच्या आधी / जेवल्यावर" असं केलं. जिथे कोणाच्या तब्येतीचा प्रश्न आहे तिथे जाणकाराचा शब्द शेवटचा, लोकांना कितीही आवडलेलं असो.

वर्गमित्रांना: फक्त दोन प्रश्न. आधी काय दिसलं, आणि नजर कुठे अडकली. पाकीट पाच सेकंद दाखवून झाकून ठेवा आणि मग विचारा.

सरांना किंवा मॅडमना: पूर्ण झालेलं नेऊ नका, दोन-तीन अर्धवट पर्याय न्या आणि तुम्ही कुठे अडकलाय ते नेमकं सांगा. फेअर केलेलं नेलं की त्यांनाही बदल सांगायला जिवावर येतं आणि तुम्हाला ऐकायला.

किती लोकांना विचारायचं? वापरसुलभतेचे (युजेबिलिटीचे) तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की साधारण पाच जणांबरोबर टेस्ट केली तरी बहुतेक अडचणी समोर येतात, आणि एकदाच खूप लोक बोलावण्यापेक्षा थोड्या लोकांबरोबर परत परत टेस्ट करणं जास्त उपयोगी. ते वेबसाइटबद्दल होतं, पण विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टला हा अंदाज चांगला बसतो. पाच जण, बदल, मग नवीन पाच जण. त्याच आजींना परत परत दाखवलं तर त्यांना तुमचं पाकीट पाठ होतं.

आणि पाचही जण आपल्याच सोसायटीतले, शिकलेले, चष्मा लावून पेपर वाचणारे असतील तर त्याचा उपयोग नाही. ज्यांना वाचायला कमी येतं अशा कोणाला तरी शोधा, त्यांच्याशी आदराने बोला, आणि "तुमची परीक्षा नाहीये, माझ्या पाकिटाची आहे" हे पहिल्यांदा सांगा. मी हे न चुकता म्हणायचे, त्याने चेहरा लगेच सैल होतो.

७. फीडबॅक लिहायचा कसा, आणि कुठला ऐकायचा

घरी येईपर्यंत थांबू नका, तिथेच लिहा. कागदाचे तीन भाग करा: माणसाने काय केलं, काय म्हणाला, आणि मला काय वाटलं. तिसरा भाग पहिल्या दोनात मिसळू देऊ नका. "आजींना आयकॉन कळला नाही" हा तुमचा अर्थ झाला. "बटण दाबून बघितलं, अर्धीच ना असं विचारलं" ही घडलेली गोष्ट झाली, आणि उपाय नेहमी त्या घडलेल्या गोष्टीतच सापडतो.

लोक उपायही सांगतात, "इथे लाल कर", "मोठं कर", "घड्याळाचं चित्र घाल". उपाय लिहून घ्या पण लगेच करू नका, तो का सुचवला ते विचारा. "घड्याळाचं चित्र घाल" म्हणणाऱ्याला वेळ कळत नव्हती असं नाही, त्याला तीन घरांचा क्रम कळत नव्हता, कुठलं आधीचं ते. घरांमध्ये साध्या रेघा घालून काम झालं.

दोन जणांचा फीडबॅक एकमेकांच्या विरुद्ध आला तर घाबरू नका. टेबलासमोरचं ते वाक्य वाचा आणि त्याच्या बाजूने जो आहे त्याचं ऐका. सरांचं आणि आजींचं जुळत नसेल तर सरांना आजींची नोंद दाखवा, वाद घालत बसू नका. पुरावा समोर असला की चांगले शिक्षक लगेच ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

वाईट फीडबॅक आला की त्या दिवशी काम बंद करा. झोपा. दुसऱ्या दिवशी तोच कागद वाचला की त्यातलं कामाचं दिसतं.

८. मराठी टाइप: इथे खूप जण अडकतात

हा भाग प्रोसेसचा नाही असं वाटेल, पण अर्ध्या चुका इथून येतात म्हणून लिहितेय.

इलस्ट्रेटरमध्ये मराठी पेस्ट केल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, जोडाक्षरं फुटली, तर फाइल बिघडलेली नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक ऑप्शन्स दाखवायची टिक चालू करा आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेन्यूतून मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. जुने श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉण्टमधलं मॅटर युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या) फॉण्टमध्ये थेट पेस्ट केलं की भलतीच अक्षरं दिसतात, ते आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि मग ओळन् ओळ वाचा.

फॉण्ट निवडताना "दुसऱ्या", "श्री", "ल", "श" एवढं टाइप करून बघा. "दुसऱ्या"मधला ऱ्या नीट आला नाही तर तो फॉण्ट मराठीसाठी बाद. ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत, काही फॉण्टमध्ये भाषा मराठी निवडली की ती येतात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू गूगल फॉण्ट्सवर फुकट आहेत, टिरो देवनागरीची तर मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे, तिथून सुरुवात करा. मंगल बऱ्याच विंडोज कम्प्युटरवर असतो म्हणून पटकन वापरला जातो. तो र. कृ. जोशींनी विंडोजसाठी, स्क्रीनवर वाचायला केलेला आहे, त्या कामाला तो उत्तम आहे, पण पाकिटावर छापायला दुसरे पर्याय बघा.

त्याच पॉइंट साइजला देवनागरी रोमनपेक्षा (इंग्रजी अक्षरांपेक्षा) बारीक दिसते, कारण वरची वेलांटी-मात्रा आणि खालचे उकार यांना जागा ठेवावी लागते. म्हणून आकार वाढवा आणि दोन ओळींत जास्त अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर बसतो.

९. थांबायचं कधी

नवीन पाच जणांनी न अडकता काम केलं आणि तुम्ही आता फक्त रेघेची जाडी बदलत बसलाय, की थांबा. आणि सबमिशनच्या आधी प्रिंटसाठी पूर्ण दोन दिवस बाजूला ठेवा, ते प्रोसेसमध्ये मोजूच नका. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायला जागा नसते.

१०. प्रोसेस फाइल आणि ज्यूरी

ज्यूरीकडे वेळ कमी असतो, त्यांना ढीग देऊ नका. मूळ कागद सगळे एका फोल्डरमध्ये क्रमाने ठेवा, मागितले की दाखवायला, आणि समोर ए-३ च्या मोजक्या शीट लावा. माझ्या मते सगळ्यात चांगली शीट ती जिच्यावर जुनं व्हर्जन, त्यावर घडलेली गोष्ट एका वाक्यात, आणि नवं व्हर्जन, एवढंच असतं. अर्धचंद्राचं पाकीट, "रात्री अर्धीच ना गं?", आणि शेजारी चंद्राऐवजी "सकाळ, दुपार, रात्र" असे तीन शब्द लिहिलेलं पाकीट. ते बघून काही समजावून सांगावं लागलं नाही.

फसलेली व्हर्जन लपवू नका. बोलताना "मला वाटलं म्हणून" ऐवजी "असं घडलं म्हणून" असं सांगा. लोकांचे चेहरे आणि नावं शीटवर घालू नका, हाताचा आणि पाकिटाचा फोटो पुरतो, तोही संमती असेल तरच.

११. खरं छापायचं झालं तर

प्रेसवाल्यांना डिझाइन सुरू असतानाच एकदा दाखवा, शेवटी नाही. एका रंगात छपाई स्वस्त पडते, आणि दोन रंग एकमेकांना चिकटून असतील तर छापताना थोडं सरकतं, मधे पांढरी फट दिसते. आमचं पाकीट शेवटी एकाच गडद रंगात आलं. चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेलं डिझाइन), बहुरंगी असेल तर रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंमध्ये), फोटो असतील तर ३०० डीपीआय, आणि सगळी अक्षरं आउटलाइन करून (म्हणजे फॉण्टऐवजी नुसते आकार करून) पीडीएफ. आउटलाइन न केलेली एक कॉपी स्वतःकडे वेगळी ठेवा, नाहीतर नंतर एक काना बदलायचा असला तरी बदलता येत नाही. पीडीएफ दिल्यावर प्रेसकडून एक प्रूफ (तपासायची नमुना प्रिंट) मागा, ते दुमडून पाकीट करा, त्यावर बॉलपेनने टिक आणि फुली मारून बघा. औषधासारखा विषय असेल तर त्याच प्रूफवर फार्मासिस्टचं ओके घ्या, सही आणि तारखेसकट, आणि मगच पुढची छपाई करायला सांगा.